गॅलरीतले काका, स्कूटरवरचे काका

आमच्या समोरच्या इमारतीतले काका रोज सकाळी सात वाजता चहाचा कप घेऊन गॅलरीत येतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतात. "हा गल्लीतला नाही," ते पुटपुटतात. "हाही नाही. हा तर चौदावाला दिसतोय." चौदा म्हणजे पिंपरी-चिंचवडचा नंबर. आपल्या गल्लीतून पिंपरीची गाडी गेली की काकांना घरात परका माणूस शिरल्यासारखं वाटतं.

दहा वाजता हेच काका हेल्मेट कोपरात अडकवून खाली येतात (पुण्यात डोक्याचे इतर उपयोग पुष्कळ आहेत), स्कूटरला किक मारतात आणि पुढच्या दोन तासांत किमान सहा परक्या गल्ल्यांतून हॉर्न वाजवत जाऊन येतात.

ही वल्ली आमच्याच गल्लीत आहे असं नाही. पुण्यात दर दोन इमारतींमागे एक तरी असतेच. फक्त आमच्या काकांचा अधिकार मोठा, कारण ते तीन तऱ्हेच्या रस्त्यांवर राहून आलेत.

जन्म शनिवार पेठेतला. वाडा बोळात, आणि बोळ असा की समोरच्यांकडे फोडणी पडली की ठसका यांना लागायचा. आत शिरलेल्या रिक्षाला वळायला जागा नसे, ती उलटीच बाहेर निघायची आणि तिला मागे घ्यायला सगळा वाडा "येऊ दे, येऊ दे" म्हणत जमायचा. काका सांगतात, "आमच्या बोळात जोरात असं एकदाच काही आलं. पानशेतचं पाणी. १२ जुलै १९६१." त्या बोळात पोरं क्रिकेट खेळायची, बायका कुरडया वाळत घालायच्या आणि सायकलवाल्याने उतरून हातात सायकल धरून जायचं अशी रीत होती. काकांच्या मते तो जगातला सर्वोत्तम रस्ता. त्यावरून गाडी नेता येत नव्हती, हेच त्याचं थोरपण.

लग्नानंतर कर्वे रोडवर, रस्त्याच्या अगदी तोंडावरचा दुसरा मजला घेतला. तेव्हा घेताना फार कौतुक होतं. दारात बस, खाली किराणा, रिक्षा तर शिट्टी वाजवली की हजर. पुढे रस्ता वाढला आणि काकांचा आवाजही वाढला, कारण घरात एकमेकांशी बोलायचं तर सिग्नल लाल व्हायची वाट बघावी लागे. काकूंनी सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने नाव लिहिण्याजोगं होई. शेवटी २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावायला लागली आणि काकांनी जागा विकायला काढली. "पहिल्या दिवशी हौस म्हणून हात केला मी," ते सांगतात. "पण रोज जेवताना डबाभर लोक ताटात बघतात म्हणजे काय?"

मग आले ते आमच्या प्रभात रोडच्या गल्लीत. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्यावरून या रस्त्याचं नाव, हे काका प्रत्येक पाहुण्याला बूट काढायच्या आत सांगतात. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, झाडं आहेत, आणि दुपारी दोन ते चार इतकी शांतता असते की कुरिअरवाला बेल वाजवायला घाबरतो. पण एक खोट आहे. संध्याकाळी लॉ कॉलेज रोड तुंबला की तिथली सगळी चतुर माणसं आडवळणाने आमच्या गल्ल्यांत घुसतात. ती चतुराई ज्यांनी शोधली त्यांत काका पहिल्या पिढीतले. कर्वे रोडला असताना ते रोज याच गल्ल्यांतून जायचे. हे मी त्यांना एकदा म्हणालो.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," काका म्हणाले. "तेव्हा मी एकटाच होतो."

मागच्या जूनमध्ये मुलीची पुस्तकं आणायला अप्पा बळवंत चौकात जायचं होतं. काका म्हणाले, "चल, मी सोडतो. तुला रस्ते कळत नाहीत." मी मागे बसलो. निघताना त्यांनी मला पुण्याच्या रस्त्यांची कुंडली वाचून दाखवली. जंगली महाराज रोड, १९७६ सालचा, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला. "पोटातलं पाणी हलत नाही! हमी संपून किती वर्षं झाली मोज, रस्ता अजून आहे." यावर एक नि:श्वास. काकांना जंगली महाराज रोडबद्दल वाटतं ते इतर लोकांना पहिल्या प्रेमाबद्दल वाटतं.

आम्ही झेड पुलाने निघालो. तो फक्त दुचाकींचा. कडेला जोडपी गाड्या लावून नदी बघत होती. नदीत त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं. "ही काय थांबायची जागा आहे?" काकांनी हॉर्न दाबून धरला. गॅलरीत असताना एका हॉर्नमागे ते त्या माणसाच्या सात पिढ्या काढतात. स्कूटरवर त्यांचा अंगठा हॉर्नवरच राहायला असतो.

पुस्तकं घेऊन परत फिरलो. बाजीराव रस्त्याने खाली यायचं, उजवीकडे लक्ष्मी रोडला वळायचं आणि अलका चौकाकडे निघायचं, हा शहाण्या माणसाचा मार्ग. काकांना मध्येच एक बोळ दिसला. तोंडाशी प्रवेश बंदची पाटी होती.

"काका, वनवे आहे."

"वीस पावलं तर आहेत. मी इथे गोट्या खेळलोय."

विसाव्या पावलावर, एका टेम्पोच्या आडोशाला, हवालदार उभा होता.

"साहेब, मी इथलाच," काका म्हणाले.

"म्हणजे इथे राहता?"

"राहत नाही. जन्म इथला."

"मग वनवे तुम्हाला लहानपणापासून माहीत असणार," हवालदार म्हणाला आणि मशीन बाहेर काढलं.

घरी येईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. गल्लीत शिरताना मात्र समोरून उलट्या बाजूने एक पोरगा आला, त्याला त्यांनी गाडी आडवी घालून थांबवलं आणि नागरिकशास्त्र शिकवलं. पूर्ण धडा. स्वाध्यायासकट.

गल्लीतल्या घुसखोरीवर उपाय म्हणून काकांनी स्पीडब्रेकर मागितला होता. आठ अर्ज, दोन स्मरणपत्रं आणि एक शिष्टमंडळ (काका आणि मी). नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा लागतो, हे त्यांनी अर्जात लिहिलं होतं. अखेर एका रात्री कुठल्याशा कामावरून उरलेलं डांबर घेऊन माणसं आली आणि त्यांनी काकांच्या फाटकासमोर ते ओतलं. सकाळी काका टेप घेऊन मोजायला बसले. रुंदी हातभर, उंची वीतभर. त्याला पांढरे पट्टे मारायचं डांबरवाल्यांच्या मनात आलं नाही. पहिल्याच दिवशी काकांच्या स्कूटरचं पोट घासलं आणि कंबरेत जी कळ आली ती अजून आहे.

पण त्या उंचवट्याच्या एका टोकाला, भिंतीलगत, फूटभर फट राहिली होती. दोनच दिवसांत सगळ्या दुचाक्यांना ती फट सापडली. आता पिंपरीपासूनची रहदारी काकांच्या भिंतीला खांदा घासून जाऊ लागली. तेव्हा काकांनी काकूंच्या विरोधाला न जुमानता फटीत कुंडी ठेवली. कुंडी म्हणजे वीस लिटरचा रंगाचा डबा, त्यात कोरफड. डब्यावर खडूने लिहिलं, 'हलवू नये.'

काकांना मात्र कंबरेमुळे उंचवट्यावरून जाता येत नाही. म्हणून आता रोज दहा वाजता ते स्कूटर काढतात, स्टँडवर लावतात, कमरेला हात धरून वाकतात आणि डबा ओढून बाजूला करतात. मग स्कूटर फटीतून पलीकडे नेतात, पुन्हा स्टँडवर लावतात, चालत मागे येतात, डबा जागच्या जागी बसवतात. कोरफडीचं एखादं वाळकं पातं दिसलं तर तेही तोडतात. एवढ्यात मागे चार गाड्या साचतात. कुणीतरी हॉर्न वाजवतो.

काका सरळ उभे राहतात, हाताचा पंजा दाखवतात आणि म्हणतात, "थांबा ना जरा! माणसं राहतात इथे."