रामकुंडावरचा सर्व्हर

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी नेटवर्किंग शिकवतो. म्हणजे तसा माझा समज आहे. "डीएनएस म्हणजे काय रे?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "डोमेन नेम सिस्टीम" म्हणतो आणि गप्प बसतो. लग्नपत्रिकेवरचं लांबलचक नाव वाचून नवरदेवाची पारख करावी, तसं हे.

यंदा आजोबांच्या वर्षश्राद्धाला मामा आले. त्यांना घेऊन गंगेवर गेलो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पत्ता एक आणि नावं दोन, हे नेटवर्कातही चालतं.) रामकुंडापाशी पहिल्याच गुरुजींनी विचारलं, "गाव कोणतं?"

"हडपसर."

"ते राहायचं झालं हो. मूळ गाव?"

"मिरज."

आडनाव ऐकून गुरुजी म्हणाले, "तुमची वही आमच्याकडे नाही. पलीकडे विचारा." पलीकडच्यांनी एका वाड्याकडे बोट दाखवलं. तिथे कापडात बांधलेली लांबोडकी वही निघाली, पानं उलटली, आणि मामांच्या आजोबांची मोडीतली सही समोर आली. मामांना मोडी वाचता येत नाही. तरी किती तरी वेळ त्या सहीवरून बोट फिरवत बसले. मी मात्र, सांगायला लाज वाटते, डीएनएसचा विचार करत होतो.

कारण संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर नेमकं हेच होतं. सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला पत्ता ठाऊक नसतो. कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. तो खालच्याकडे धाडतो, खालचा त्याच्या खालच्याकडे, आणि ज्याच्याकडे वही तो आकडी पत्ता सांगतो. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही रीत बसवली. त्याआधी अमेरिकेतल्या एका संस्थेत साऱ्या नेटवर्कची मिळून एकच वही होती आणि बाकीच्यांनी ती उतरवून न्यायची. रामकुंडावर तसं असतं तर मामांचा नंबर लागेपर्यंत पुढचा कुंभमेळा आला असता.

हडपसर हा झाला आयपी पत्ता. आज इथे, उद्या मुलाची बदली झाली की तिकडे. मिरज म्हणजे मॅक पत्ता, कारखान्यातून निघतानाच कपाळी लिहिलेला. हल्लीचे फोन मात्र वाय-फायवर मूळ गावही खोटंच सांगतात. कोण कुठलं, काही कळत नाही.

राउटर समजायला तर घाटावरही जायला नको. रविवार कारंजावर काळाराम मंदिराची वाट विचारा. "होळकर पूल ओलांडा आणि मालेगाव स्टँडवर कुणालाही विचारा." झालं! राउटरही एवढंच करतो. त्याचं ज्ञान पुढच्या चौकापुरतं. शिवाय प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या पुडक्यावर, टीटीएल नावाचा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेलं पॅकेट जन्मभर प्रदक्षिणा घालत बसेल. वाहतुकीचे मार्ग बदलतात त्या दिवसांत रविवार कारंजावर मी तशा घातल्या आहेत. मला कुणी टाकून दिलं नाही, एवढंच.

बँडविड्थ आणि लेटन्सी यांत मुलं हमखास गोंधळतात. त्यांना मी पावसाळ्यातला पेपर दाखवतो. गंगापूर धरणातून अमुक क्युसेक विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी सुटलं, ही बँडविड्थ. ते रामकुंडापर्यंत यायला लागणारा वेळ ही लेटन्सी. आणखी दरवाजे उघडले म्हणून धरण काही जवळ येत नाही. महागडा प्लॅन घेऊनही परदेशातल्या लेकीचा आवाज मागाहून येतो, म्हणून चिडणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी हे तीनदा समजावलंय. आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे बघायला भर पावसात पुलावर उभे राहणारे, ते आमचे नेटवर्क मॉनिटर. बिनपगारी.

हे सगळं वर्गात रंगवून सांगितलं. डोमेनचं नाव एकदा घेतलं की कायमचं आपलं होत नाही, मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात, हेही दक्षिणेच्या ओघात सांगून टाकलं. मग चाचणी घेतली. दोन गुणांचा प्रश्न होता : डीएनएस म्हणजे काय? मागच्या बाकावरच्या एकाने एकच शब्द लिहिला, "गुरुजी."

दीड गुण दिला. अर्धा कापला, कारण दक्षिणा विसरला होता.