तीन अक्षरांचं लफडं

अहो, तुमच्या कानावर आलंय का? नसेल तर आधी दार लोटून घ्या. आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेले चार महिने रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा जळतोय. आधी आम्हांला वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. मग वाटलं, शेअर बाजारात हात पोळले असतील. शेवटी त्याच्या आईनेच लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये, आवाज खाली आणून सांगितलं, "परीक्षेला बसतोय."

बेचाळिसाव्या वर्षी! हिंजवडीत पंधरा वर्षं नोकरी, हाताखाली वीस माणसं, पोरगी यंदा दहावीला. आणि बाप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चार रंगांचे हायलायटर घेऊन बसलेला. दहावीचं वर्ष नक्की कुणाचं, हेच घरात कुणाला कळेना. आणि हा एकटा असता तर मी बोललेही नसते. पाचव्या मजल्यावरचे दोघं, क्लबहाउससमोरच्या रो-हाउसमधली ती आयटीवाली, सगळ्यांना एकच खूळ लागलंय. पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल! नावापुढे तीन अक्षरं लावायची म्हणे.

हे प्रकरण अमेरिकेतलं. तिथे १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नावाची संस्था निघाली आणि १९८४ पासून ती ही परीक्षा घेतेय. फी डॉलरमध्ये. संस्थेचे सभासद झालात तर परीक्षा स्वस्त, पण सभासदत्वाचे पैसे वेगळे. आपल्याकडे साडीवर ब्लाउजपीस फुकट देतात तसलंच, फक्त उलटं.

बरं, कुणीही उठून बसावं असंही नाही. पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांत ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव हवा, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. अर्जात सगळं तपशीलवार लिहायचं. आणि त्यातले काही अर्ज अवचित तपासणीला निघतात! मग लिहिलेल्या अनुभवाला जुन्या साहेबांचा दुजोरा आणायचा. पाचव्या मजल्यावरच्या एकाचा अर्ज नेमका निघाला. आता ज्या साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटून हा बाहेर पडला होता, त्याच्याचकडे हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन सहीला गेला. साहेबाने सही केली, पेढेही ठेवून घेतले, आणि विचारलं म्हणे, "मग प्रोजेक्ट वेळेत संपला होता असं लिहिलंयस का?" मी ऐकीव सांगतेय हं.

पण खरा तमाशा अभ्यासाचा. आमच्या तिसऱ्या मजल्याने कुणा सीनियरचं जुनं पुस्तक आणलं. पिमबॉक म्हणतात त्याला. सहावी आवृत्ती, २०१७ ची, साडेसातशेच्या वर पानं. उशाला घेतलं तर मान धरेल. त्यात ४९ प्रक्रिया, आणि प्रत्येकीत काय घालायचं, काय वापरायचं, काय निघतं याचे तक्ते. हा महिनाभर ते पाढ्यांसारखे घोकत होता. बाथरूममधून आवाज यायचा. आणि मग कळलं की २०२१ साली सातवी आवृत्ती आली, तिने ते तक्ते बाजूला ठेवून १२ तत्त्वं पुढे आणली. त्याच जानेवारीत परीक्षाही बदलली होती. त्या बदलात अर्ध्याच्या आसपास प्रश्न अजाइल, म्हणजे थोडंथोडं करून बदलत जाण्याच्या, नाहीतर मिश्र पद्धतीवर आले. तक्ते पाठ आहेत का, हे कुणी विचारतच नाही!

त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगू? परीक्षेत काय काय येणार हे त्या संस्थेने स्वतःच एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय. फुकट! कुणीही डाउनलोड करावी. २०२१ च्या पुस्तिकेत माणसं सांभाळण्यावर ४२ टक्के, प्रक्रियांवर ५०, आणि धंद्याच्या भोवतालावर ८, अशी सरळ वाटणी होती. पण फुकटचं वाचेल तो मराठी माणूस कसला? आधी क्लासला हजारो रुपये मोजले, आणि मग क्लासवाल्यानेच पहिल्या दिवशी तीच पुस्तिका पडद्यावर दाखवली.

आमच्या ग्राउंड फ्लोअरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्याचं पुस्तक एकदा चाळलं. पान न् पान पिवळं. म्हणाल्या, "अख्खं पान रंगवलंस तर रंगवलंस काय नि न रंगवलंस काय." मग एक प्रयोग सांगितला. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली छापलेला. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर तेच मागे, आठवून लिहिणारे पुढे! म्हणजे बघा, रात्री एक वाजता पान मिटताना "झालं सगळं पाठ" असं जे वाटतं, ते त्या पाच मिनिटांचं असतं. त्या दिवसापासून हायलायटर पोरीकडे गेले.

मग सुरू झाले सरावाचे प्रश्न. पहिल्या चाचणीत याला ४८ टक्के. आणि याच्याच टीममधल्या, अनुभवाची ३६ महिन्यांची अट जेमतेम पुरी केलेल्या पोराला ७४! घरात सुतक. आई म्हणाली, दृष्ट लागली. दृष्टबिष्ट काही नाही हो, पंधरा वर्षांचा अनुभव नडला. प्रश्न होता, ग्राहक ऐनवेळी नवी मागणी घेऊन आला तर प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वप्रथम काय करावं? याने ठोकलं, वरच्या साहेबांना कळवावं. चूक! आधी त्या बदलाने वेळेचं, पैशाचं, कामाचं काय होईल ते बघायचं, मग रीतसर अर्ज, मग मंजुरी. आणि तोच प्रश्न अजाइलच्या वेषात आला तर उत्तरही बदलतं. मागणी कामांच्या यादीत टाका, आधी काय नि मागून काय ते प्रॉडक्ट ओनर ठरवेल. टीममधले दोघं भांडले? याचं उत्तर, एकाला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकावं. तेही चूक. त्या दोघांशी आधी समोरासमोर बोलायचं म्हणे! "ऑफिसात असं कोण करतं?" हा ओरडला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणूनच तर परीक्षा आहे."

त्यातून एक वही निघाली. चुकांची वही. किती बरोबर आले ते त्यात नाही. चुकलेला प्रश्न, आपण काय निवडलं, का निवडलं, आणि कुठला शब्द नजरेतून सुटला, एवढंच. बहुतेक वेळा सुटलेला शब्द 'सर्वप्रथम' नाहीतर 'यानंतर' असायचा. चारही पर्याय बरोबरच, फक्त पाळीपाळीने! मी ती वही पाहिलीय. पाहू नये, पण टीपॉयवर उघडी होती. पहिल्या दहा पानांत "वरिष्ठांना कळवले" सतरा वेळा. एखाद्याच्या नोकरीची कुंडलीच की हो.

रो-हाउसवालीचं मात्र सांगवत नाही. तिने कुठल्याशा ग्रुपवर फुटलेले प्रश्न विकत घेतले. परीक्षेत सचोटीवर प्रश्न येतात, आणि त्याची तयारी चोरीच्या मालाने! वर त्यातली निम्मी उत्तरं चुकीची निघाली. चोराने तरी मेल्याने अभ्यास करावा.

आमच्या तिसऱ्या मजल्याने परीक्षा घरून दिली. अग्निदिव्य ते! १८० प्रश्न, २३० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. ६० झाल्यावर दहा मिनिटं सुट्टी, १२० झाल्यावर पुन्हा दहा, आणि सुट्टीवरून आलात की मागचे प्रश्न उघडायचे नाहीत. यासाठी याने तीन रविवार घड्याळ लावून अख्ख्या परीक्षेची तालीम केली होती. बैठक मारायचीच सवय लागते, नाहीतर दीडशेव्या प्रश्नाला सगळी माणसं सारखीच दिसायला लागतात. टेबल मोकळं, खोलीचे फोटो आधी पाठवायचे, कॅमेऱ्यातून कुणीतरी बघत बसलेलं. पुटपुटायचंसुद्धा नाही! आपल्याकडे वर्तमानपत्रही ओठ हलवल्याशिवाय वाचत नाहीत. खोलीत दुसरं माणूस आलं तर परीक्षा रद्द होण्याची भीती. म्हणून आईला सकाळीच बहिणीकडे पाठवलं, कुकर आदल्या रात्री लावला, आणि पोरगी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. दहावीवाली!

पास झाला. पण पुढचं ऐका. मार्क नाहीत! ही संस्था टक्के सांगत नाही, पास व्हायला किती लागतात तेही सांगत नाही. १८० पैकी पाच प्रश्न तर धरतच नाहीत, आणि ते कुठले हेही गुलदस्त्यात. कागदावर नुसतं 'अबव्ह टार्गेट'. वर दर तीन वर्षांनी ६० तासांचं काहीतरी शिकल्याचा हिशेब दिला तरच ती तीन अक्षरं टिकतात.

आई बहिणीकडून परतली. लिफ्टमध्ये आम्ही चौघी. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात एकच प्रश्न, "किती पडले?" तिने पदर सावरला, एक क्षण दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "ब्याण्णव टक्के."

तो मागे उभा होता. काही बोलला नाही. मीही ए विंगमध्ये ब्याण्णवच सांगितलंय.