सस्पेन्स खातं

बँकेत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. सहकारी बँकेचा अंतर्गत तपासनीस म्हणजे ज्याच्यासाठी शाखेत चहा लगेच येतो आणि ज्याला बघून गप्पा लगेच थांबतात, असा माणूस. एका शाखेत तेरीज छत्तीस रुपयांनी जुळत नव्हती. रात्री साडेदहाला मॅनेजर काकुळतीला आला. "साहेब, छत्तीस रुपये मी खिशातून भरतो, पण आता घरी जाऊ द्या." मी ऐकलं नाही. फरकाला नवानं भाग गेला की कुठंतरी आकडे उलटे लिहिले गेलेत, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. शोधलं आणि सापडलं. ४८ च्या जागी ८४. त्या रात्री लागली तशी झोप मला नंतर फार वेळा लागलेली नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या स्वतःच्या खात्यात फरक निघाला.

रक्तदान शिबिरात गेलो होतो. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला. "काका, वरचं १६२, खालचं १०४. तुमचं रक्त नको," असं म्हणून तिनं बिस्किटांचा पुडा मात्र हातात दिला. घरी येईपर्यंत मी हिशेब करत होतो. १२६ चं १६२ झालं असेल, तर फरक छत्तीस. आपला तोच जुना छत्तीस! पोरगी घाईत होती, आकडा उलटला असणार. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मोजलं. १६४ भरलं. पुढं आठवडाभर रोज मोजलं आणि एकदाही दीडशेच्या खाली आलं नाही.

डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, जिना चढताना धाप लागत नव्हती. मला काहीच होत नव्हतं, हीच माझी तक्रार होती. बुडीत कर्जदारसुद्धा बुडण्याआधी थोडी कुरकुर करतो.

माझा रक्तदाब वाढलाय हे गल्लीत कळायला एक दिवस लागला, आणि तो का वाढलाय हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. बायको म्हणाली, "तुम्ही सगळं मनात ठेवता." बँकेतला जुना मित्र म्हणाला, "तू मनात काही ठेवतच नाहीस, फाडकन बोलतोस, त्यानं वाढतं." दाजींचा राग आरओच्या पाण्यावर. आत्यानं नजर काढली. मीठ-मोहरी तीनदा माझ्यावरून उतरवून चुलीत टाकली. माझ्यासाठी मीठ वापरलं गेल्याचा तो घरातला शेवटचा मंजूर प्रसंग. पुण्याहून लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा घोरताना त्यांचा श्वास अडकतो का गं?" आईनं साक्ष दिली, तीही आवाज काढून दाखवून. श्वास अडकत नाही, फक्त शेजाऱ्यांची झोप अडकते, असा निष्कर्ष निघाला.

आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "टेन्शन घेऊ नका." हायपरटेन्शन या शब्दानं आपल्याकडे मोठाच घोटाळा केलाय. त्यातलं टेन्शन आहे रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडणाऱ्या ताणाचं, पण आपण त्याचा संबंध लावतो मुलीच्या लग्नाशी आणि घराच्या हप्त्याशी. माझी मुलगी नांदत होती, हप्ते फिटले होते. टेन्शन नाही याचंच मला टेन्शन यायला लागलं.

सांगलीच्या माणसाला काही झालं की तो मिरजेला जातो. वानलेस डॉक्टरांच्या काळापासूनची ही वहिवाट आहे. मीही गेलो. डॉक्टर माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण स्वभावानं तपासनीसच. त्यांनी संशयितांची यादी केली. मूत्रपिंडं, त्यांना रक्त नेणाऱ्या धमन्या, थायरॉईड, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. या ग्रंथीवर कधी कधी बारकी गाठ असते, ती एक संप्रेरक जास्त सोडते, शरीर मीठ धरून ठेवतं आणि दाब चढतो. मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा प्रकार उघडकीला आणला. गाठ काढली की दाब उतरू शकतो. मला हे फार आवडलं. म्हणजे ४८ च्या जागी ८४. मला गाठ असावी असं मनापासून वाटू लागलं, हे घरी बोललो नाही.

एका तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी साठवायची होती. लॅबनं पाच लिटरचा पांढरा कॅन दिला, आत थोडं आम्ल घातलेलं. सकाळची पहिली सोडून द्यायची आणि तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत थेंब न् थेंब जमा. जमेला इतकं काटेकोर मी आयुष्यात दुसरं काही धरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅन स्कूटरवर पुढं पायांत ठेवून निघालो, तर फाटकाशी शेजारच्या वहिनी. कॅनकडे बघून म्हणाल्या, "घाण्याचं का हो भाऊजी?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं काय आहे ते सांगायचं धैर्य झालं नाही. म्हणालो, "हो, लाकडी घाण्याचं."

"पातळ दिसतंय. आम्हाला पण सांगा बरं, कुठं मिळतं ते."

आजही त्या विचारतात.

मग चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र आलं. दिवसा दर अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगणार. तो फुगला की हात स्थिर ठेवायचा, बोलायचं नाही, हलायचं नाही. डॉक्टरांना बघून काहींचा दाब चढतो, म्हणून हे घरचं मोजमाप. नेमकी त्याच संध्याकाळी सोसायटीची वार्षिक सभा. देखभाल खर्च महिना तीनशे रुपयांनी वाढवायचा ठराव होता आणि मी विरोधाची पाच मुद्द्यांची टिपणं काढून नेली होती. उभा राहिलो. "माझा या ठरावाला..." म्हणालो आणि दंडावर गुर्रर्र झालं. मी पुतळ्यासारखा थांबलो. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. पंधरा-वीस सेकंदांत पट्टा सैल पडला, तोवर टाळ्या पडल्या होत्या. ठराव एकमतानं मंजूर. अहवालात त्या वेळेला १७१ ची नोंद आहे. दिवसभरातली सर्वांत वरची. बाकी झोपेत दाब शहाण्यासारखा उतरत होता. उतरायचा तेवढाच, पण वरून.

मध्ये एकदा चोर सापडल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी सहज विचारलं, "चघळायला काही असतं का तोंडात?" तंबाखू नाही, सुपारी नाही. पण भजनी मंडळात जातो, आवाज बसू नये म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळतो. रोज. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. ज्येष्ठमध जास्त झालं तर शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं, त्यानं खरोखरच दाब वाढू शकतो. मी घरी येऊन काड्यांची पुडी कपाटात कुलूपबंद केली. जप्तीची कारवाई. महिनाभरानं मोजलं तर १५८. पुराव्याअभावी ज्येष्ठमध निर्दोष सुटलं. एकादशीच्या भजनात माझा आवाज मात्र पहिल्या अभंगातच बसला.

या काळात मी वाचतही होतो. रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं, एका घोडीचा. तिला जिवंत बांधून आडवी पाडली, धमनीत नळी घातली, वर काचेची उभी नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. हे त्यानं १७३३ साली छापलं. त्या घोडीचा दाब चढला नसता तरच नवल. तिलाही कुणीतरी टेन्शन घेऊ नकोस म्हणालं असेल. पुढं १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी पट्टा आणि पारा आणला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, त्यामुळे आठ फुटांची नळी टेबलावर मावली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले आणि 'खालचं' मोजायची सोय झाली. मी माझ्या १६२ चं गणित मांडलं. घोडीसारखी नळी लावली असती तर माझं रक्त पावणेसात फुटांवर गेलं असतं. माझी उंची पाच फूट चार इंच.

शेवटी सगळे कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी एकेक उलटला आणि हसून म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल."

ज्या शाखेत घोटाळा आहे याची खात्री आहे तिथं सगळे कागद चोख निघाले की तपासनिसाला काय होतं, ते सांगून कळायचं नाही.

"मग हे काय आहे?"

"इसेन्शियल हायपरटेन्शन."

इसेन्शियल? अत्यावश्यक? दूध, ॲम्ब्युलन्स आणि माझं वरचं? डॉक्टर म्हणाले, जुन्या काळी काही डॉक्टरांना खरंच तसं वाटायचं. नळ्या अरुंद झाल्यात, तर पुढं रक्त पोचवायला जास्त दाब हवाच, तो आवश्यकच. ती समजूत गेली, नाव राहिलं. आता त्याचा अर्थ एवढाच, की एक असं ठळक कारण सापडलेलं नाही. शंभर रुग्णांतले नव्वदांहून जास्त याच रांगेत.

"म्हणजे कारण नाही?"

"आहेत की. पुष्कळ आहेत. वडिलांकडून थोडं, मीठ थोडं, वय थोडं, पोटाचा घेर थोडा, नळ्यांचा ताठपणा थोडा. एकेकटं बघायला गेलं तर कुणीच मोठं नाही."

म्हणजे शंभर व्हाउचरांत चार-चार आण्यांचा फरक. असा फरक मी नोकरीत फक्त एकदा पाहिला होता आणि तेव्हाही हात टेकले होते. जमत नाही ती रक्कम बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात आणि माझ्यासारखा कोणी येऊन लाल शाईत शेरा मारतो, 'सस्पेन्स खाते तातडीने निरंक करावे.' हा शेरा मी किती शाखांत मारला असेल! ती सगळी मॅनेजर मंडळी आता कुठं असतील ती असोत, मी त्यांची माफी मागतो.

आणि सीमारेषा तरी कुठं पक्की आहे? १४०/९० पासून उच्च रक्तदाब धरत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी ती रेषा १३०/८० वर आणली. थकबाकीची मुदत १८० दिवसांवरून ९० वर आणली तेव्हा आमच्याकडे असंच झालं होतं. कर्जदार तेच, पण रात्रीत बुडीत खात्यांची यादी लांबली.

गोळी सुरू झाली आणि दोन आठवड्यांत दाब उतरला. कारण न सापडता. हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्याबद्दल वाचलं. सर्पगंधेच्या मुळीनं दाब उतरतो हे त्यांनी ५० रुग्णांवर पाहिलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. पुढं त्या मुळीतलं औषध निघालं, जगभर गेलं. मात्र त्यानं काही रुग्णांचं मनही खाली बसायचं. माझ्या गोळीचं तसं नाही. तिनं घोटे थोडे सुजतात एवढंच. सॉक्सची खूण संध्याकाळपर्यंत राहते.

खरी पंचाईत मिठाची. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात पापड-लोणच्यातलंही धरलेलं. आणि मी राहतो सांगलीत, जिथं पाहुण्याला पाण्याच्या आधी भडंग देतात. भडंगाला मीठ, तिखट, लसूण सोडून दुसरं आहे काय? चुरमुरे नुसते वाहन. डॉक्टरांना मी सांगितलं, आमच्यात खाल्ल्या मिठाला जागायची पद्धत आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तुमची झोप उडालीय."

निकालाच्या दिवशी परतताना मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीतून आलो. दुकानात पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली एक वयस्क कारागीर तंबोरा लावत बसलेला. खुंटी पिळायचा, ऐकायचा, मणी केसभर सरकवायचा, परत ऐकायचा. मी विचारलं, "सकाळी लावलेला दुपारी का उतरतो हो?" तो मान वर न करता म्हणाला, "हवा असंल. लाकूड असंल. तार असंल. आपण लावायचा."

आता सकाळी उठल्यावर मी चहाच्या आधी खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसतो आणि मग मोजतो. बँकेच्या जुन्या डायरीत रकाने आखलेत: तारीख, वेळ, वरचं, खालचं, शेरा. आजची नोंद अशी आहे: ६.४०, १३४, ८४. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'काल रात्री भडंग, मूठभर.' डायरी कपाटात ज्येष्ठमधाच्या पुडीशेजारी असते आणि किल्ली माझ्याकडे.