नोबिता, जरा बाजूला हो

साकोली, जि. भंडारा

चि. नोबिता नोबी यास,
मु. नेरिमा, टोकियो

पत्रास कारण की, तुझं अभिनंदन करायचं फार दिवसांपासून राहून गेलं होतं. 1970 साली तू शाळकरी मुलांच्या मासिकांतून लोकांपुढे आलास, 1979 पासून टीव्हीवर ठाण मांडलंस, 2005 पासून हिंदी बोलत आमच्या घरांत शिरलास आणि एवढ्या काळात प्राथमिक शाळेतून काही बाहेर पडला नाहीस. आमच्याकडे तेवढ्या वर्षांत माणूस मास्तर होतो, हेडमास्तर होतो, पेन्शनही खातो. चिकाटी म्हणावी ती तुझी.

अभिनंदनाचं दुसरं कारण अधिक मोठं आहे. मालिकेचं नाव 'डोरेमॉन', म्हणजे मालक वेगळा. तो 3 सप्टेंबर 2112 रोजी जन्मणारा यंत्रमांजर, उंची 129.3 सेंटिमीटर, वजन 129.3 किलो, पोटावर एक खिसा आणि त्या खिशात बाविसाव्या शतकाचं अख्खं विज्ञान. काळाच्या मागेपुढे नेणारं यंत्र आहे, पाहिजे तिथे उघडणारं दार आहे, डोक्यावर लावून उडायची पंखी आहे. आणि एवढं सगळं कोणासाठी, तर तुझा गृहपाठ, तुझं शून्य, तुझ्या आईचा ओरडा आणि दांडगट ज्यानने तुला दिलेला मार यांच्यासाठी. दुसऱ्याच्या नावाच्या सातबाऱ्यावर इतका निवांत कब्जा आमच्या तालुक्यातही कोणाला जमलेला नाही.

माझी नात शाळेतून आली की तुझ्यासमोर बसते. परवा तिने विचारलं, "आजा, हे शिझुका सारखी आंगच काहून धुते?"

उत्तर दे आता तूच. तुझ्या चौकडीतली ही एकुलती एक मुलगी. अभ्यासात हुशार, मनाने स्वच्छ, धीराची. तिच्या वाट्याला काय आलं? एक न्हाणीघर. तू ते जादूचं दार उघडतोस आणि ते नेमकं तिच्या न्हाणीघरातच उघडतं. ती किंचाळते, पाणी उडवते, तू पळतोस, संपला विनोद. तोच विनोद इतकी वर्षं. 2020 मध्ये जपानातच लोकांनी ही दृश्यं काढा म्हणून सह्यांची मोहीम चालवली, तेव्हा माझी नात एकटी नाही. बरं, त्या मुलीला व्हायोलिनची आवड आहे. वाजवते भयंकर, पण आवड खरी. आई तिला पियानोला बसवते आणि तिचा जीव व्हायोलिनमध्ये. एका मुलीची घरातली केवढी गोष्ट आहे ही! तुम्ही लोकांनी त्यातून काय काढलं, तर कानात बोटं घालण्याचा एक प्रसंग. ज्यानचं बेसूर गाणं मात्र मोकळ्या मैदानावर, श्रोते पकडून आणून, साग्रसंगीत.

ज्यान आणि सुनिओबद्दल माझी फार तक्रार नाही. एकाला मनगट मिळालं, दुसऱ्याला बापाचा पैसा, त्यांनी आपापली जागा करून घेतली. पण ज्यानच्या बहिणीचं काय? ती जायको. ती कॉमिक्स काढते, क्रिस्टीन गोडा या टोपणनावाने, आणि चांगली काढते. कॉमिक्समधून जन्मलेल्या मालिकेत कॉमिक्स काढणारी मुलगी, याहून रंजक पात्र कुठे सापडणार? पण पहिल्याच गोष्टीत तिची ओळख काय होते? भविष्यात तुझं तिच्याशी लग्न होणार, ही तुझ्या दुर्दैवाची पहिली खूण! तुझा खापरपणतू सेवाशी बाविसाव्या शतकातून धावत आला तो तुझं नशीब बदलायला, आणि त्या बदलात त्या मुलीचंही नशीब बदललं. तिला कोणी विचारलंही नाही. म्हणतात की जायकोचं खरं नाव लेखकाने मुद्दामच ठेवलं नाही, त्या नावाच्या मुलींना शाळेत चिडवू नये म्हणून. मनाचा मोठेपणा आहे खरा. पण चिडवण्यासारखं करून ठेवलं होतं, हेही त्याला माहीत होतं म्हणायचं.

आणि डोरामी! डोरेमॉनची धाकटी बहीण, एकाच डब्यातल्या तेलावर चालणारी. भावाची ताकद 129.3 अश्वशक्ती, हिची 10,000. कामाला नीटनेटकी, डोकं शांत. ती कुठे आहे? बाविसाव्या शतकात सेवाशीकडे. कधीमधी पाहुणी म्हणून येते, भावाने घातलेला गोंधळ निस्तरते आणि परत जाते. घरात अशी लेक असताना कारभार थोरल्याकडे, हे आम्हाला नवीन नाही. पण विज्ञानकथेत तरी काही वेगळं बघायला मिळेल असं वाटलं होतं.

तू म्हणशील, माझा काय दोष, लिहिणाऱ्याने लिहिलं. थोडं मान्य. फुजिको एफ. फुजिओ, म्हणजे हिरोशी फुजिमोतो, एकाच महिन्यात वेगवेगळ्या इयत्तांच्या मासिकांसाठी तुझ्या गोष्टी काढायचे. पानं मोजकी. त्यात पोरगा रडत घरी येणार, खिशातून वस्तू निघणार, पोरगा तिचा दुरुपयोग करणार आणि ती त्याच्याच अंगावर उलटणार. एवढ्यात पानं संपली. टीव्हीवरही एकेक गोष्ट दहा-अकरा मिनिटांची. तेवढ्यात दोन पोरांची सुखदुःखं मावत नाहीत, हे मला कळतं.

पण मग चित्रपटांचं काय? 1980 पासून जवळजवळ दरवर्षी एक याप्रमाणे चाळीसहून जास्त झाले. तिथे तर दीड-दोन तास हाताशी असतात. तिथे ज्यान एकदम जिवाला जीव देणारा दोस्त होतो, म्हणजे लिहिणाऱ्यांना माणूस फुलवता येतो, हे सिद्ध झालं. तरी देकिसुगी, तुमच्या वर्गातला सर्वात हुशार मुलगा, सफरीला निघताना बहुतेक वेळा घरीच राहतो. का, तर तो आला तर कोडी अर्ध्या तासात सुटतील आणि तुझं काय होईल!

1986 चा तो पोलादी फौजेचा चित्रपट घे. दुसऱ्या ग्रहावरून यंत्रमानवांची फौज माणसांना गुलाम करायला येते, आणि रिरुरू नावाची यंत्रमुलगी त्यांची हेर असते. ती जखमी होते तेव्हा तिची सेवा कोण करतं? शिझुका. ती शत्रू आहे हे कळल्यावरही तिच्याशी बोलत राहून तिचं मन कोण वळवतं? शिझुका. शेवटी तुम्ही मुलं फौजेला अडवून धरता, पण ती फौज थांबते तुमच्यामुळे नव्हे. शिझुका रिरुरूला घेऊन काळाच्या यंत्रातून तीस हजार वर्षं मागे जाते, त्या यंत्रमानवांच्या आद्य जोडप्याच्या घडणीतच बदल होतो आणि फौज नाहीशी होते. तिच्यासोबत रिरुरूही. शिझुकाच्या डोळ्यांदेखत तिची मैत्रीण विरून जाते. तुझ्या साऱ्या कारकिर्दीत याच्या तोडीचा प्रसंग मोजकाच असेल. आणि चित्रपटाच्या पाटीवर नाव कोणाचं? 'नोबिता आणि पोलादी फौज'. 2011 मध्ये तोच नव्याने काढला, तेव्हाही पाटीवर तूच. तुमच्या जवळपास प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या जपानी नावात 'नोबिता' आहे. पराक्रम कोणाचाही असो, पावती तुझ्या नावाने फाटते.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर असं चाललं नसतं. इथे दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत. हिरो कितीही नावाजलेला असो, विनोदी नट, खलनायक, घरातली म्हातारी, प्रत्येकाला त्याचा प्रवेश मिळतोच, कारण धान कापून थकलेला माणूस तिकीट काढून रात्रभर एकाच चेहऱ्याकडे बघायला येत नाही. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते ओळखले जातात विनोदी भूमिकांसाठी. तुमच्या डोरेमॉनलाही 2008 मध्ये जपान सरकारने ॲनिमेचा राजदूत नेमलं होतं. राजदूतसाहेबांनी एकदा मंडईला यावं, मांडवात खाली बसायची सोय करतो.

तुझ्याविरुद्ध लोक बोललेच नाहीत असं नाही. 2013 मध्ये बांगलादेशाने तुमची हिंदी मालिका बंद केली, पोरं हिंदी बोलायला लागली म्हणून. आमच्याकडचे पालक पोरं आळशी होतात म्हणून रिमोट लपवतात. शिझुकासाठी भांडताना मात्र मी इथे कोणाला ऐकलं नाही. मोठेपणी ती तुझी बायको होते, बक्षीस म्हणून. का होते, तर हा वेंधळा एकटा राहिला तर याचं कसं होणार, ही काळजी. म्हणजे तिच्या लग्नाचं कारणही तूच. तिला स्वतःला काय व्हायचं होतं, याची मालिकेला फारशी उत्सुकता नाही.

तर मागणी एकच. एक भाग, अकराच मिनिटांचा, शिझुकाचा असू दे. तिला न्हाणीघरातून बाहेर काढा, हातात व्हायोलिन द्या आणि डोरेमॉनला म्हणावं, खिशात हात घालण्याआधी एकदा तिला विचार, तुला काय पाहिजे. त्या भागात तुला एकही संवाद नको. हवं तर मागे चटईवर झोपून राहा. तुला झोप लागायला 0.93 सेकंद लागतात म्हणे, तेवढं तर जमेलच.

तुझा,
साकोलीचा एक आजा