गुप्तदान

मध्यमवर्गीय माणूस दानधर्म करत नाही, वर्गणीवाले दिसले की दार लावून घेतो, अशी ओरड असते. शेअर बाजाराची नियंत्रक ‘सेबी’ने ती आकडेवारीनिशी खोडून काढली आहे. 2024-25 या एका वर्षात किरकोळ ट्रेडरांनी एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत, 1 लाख 5 हजार कोटी रुपये देऊन टाकले. माणशी सरासरी 1 लाख 10 हजार. शंभरातल्या 91 जणांनी हात सैल सोडला. उरलेले नऊ चिक्कू निघाले.

बहुतेकांचं दान गुप्तच. घरी एवढंच माहीत असतं, की ‘हे सध्या मार्केट शिकतायत’.

घेणारा कोण, हेही दात्याला ठाऊक नसतं. 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी या बाजारात कमावलेल्या नफ्यापैकी 97 टक्के नफा अल्गोरिदमच्या खात्यावर जमा आहे. इकडे आपले भाऊसाहेब यूट्यूबवरच्या ‘सरां’चा कोर्स करून ऑफिसच्या जिन्यात उभे राहून ‘पुट’ ऑप्शन घेणार आणि समोर यंत्र. त्याला ना जेवणाची सुट्टी, ना साहेबाची भीती.

ॲप उघडताच ‘दहापैकी नऊ जणांना तोटा होतो’ अशी पाटी झळकते. भाऊसाहेब ती वाचतात, त्या नऊ जणांबद्दल हळहळतात आणि ‘समजलं’वर बोट ठेवतात.

पूर्वी रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्स्पायरी, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस, असे. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून एका बाजाराला आठवड्याला एकच ठेवली. सप्टेंबर 2025 पासून तर निफ्टीची मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी. म्हणजे एक गणपतीचा वार, दुसरा दत्ताचा. उपास आणि तोटा एकाच दिवशी उरकतो, ही सोय कोणाला सुचली त्याचा सत्कार व्हायला हवा.

डिमॅट खाती 20 कोटींवर गेली (खाती हं, माणसं नव्हेत, एकेकाची तीन-तीन असतात), की भाषणांत छोटा गुंतवणूकदार ‘बाजाराचा कणा’ होतो. तो कणा खरं तर शेजारच्या काकूंचा. त्यांच्यासारख्यांच्या एसआयपीतून महिन्याला 25 हजार कोटींहून अधिक येतात आणि परदेशी पैसा पळाला तरी बाजार तग धरतो. पण काकू ॲप उघडतच नाहीत. अशांवर ब्रोकरचं पोट कसं भरणार? सरकारलाही भाऊसाहेबच परवडतात. रोखे व्यवहार कर कापताना नफा झाला की तोटा, हे कोणी विचारत नाही.

या दानाला 80जीची पावती मिळत नाही, पण आयकर खातं अगदीच निर्दय नाही. वेळेत रिटर्न भरलं तर हा तोटा धंद्याचा मानून आठ वर्षं पुढे ओढता येतो. पगारातून तो वजा होत नाही, धंद्यात नफा दाखवावा लागतो. सीएने हे समजावल्यापासून भाऊसाहेब मंगळवारचे ‘कॉल’ ऑप्शन करबचतीसाठी घेतात.