वाचनालयासाठी आमदार कसा गाठावा

वाचनालयासाठी निधी मागायला निघालेल्या कार्यकारिणीने पहिला ठराव असा करावा की, साहेबांसमोर कोणीही पुस्तकांचा विषय काढणार नाही. पुस्तकाला मत नसते. वाचकाला असते, पण तो ते वाचक म्हणून देत नाही. जात, आळी, उसाचे बिल, पोरीची बदली अशा गोष्टी पाहून देतो. साहेबांना हे पक्के ठाऊक असते. तुम्हालाही ते ठाऊक आहे असे त्यांच्या लक्षात आले, की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

शिष्टमंडळ चौघांचे असावे. एक निवृत्त मुख्याध्यापक लागतातच. त्यांनी साहेबांना शिकवलेले असेल तर उत्तम, नापास केलेले असेल तर दुसरे मुख्याध्यापक शोधावेत. एक साहेबांच्या पक्षाचा, एक विरोधी पक्षाचा, म्हणजे काम झाले नाही तर गावात ते कोणी कोणी सांगायचे हे आधीच ठरलेले राहते. एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा. त्याचे काम पुढे येईल. ग्रंथपालाला नेऊ नये, तो पगाराचे बोलतो. कवीला तर मुळीच नेऊ नये. तो संग्रह भेट देतो, प्रकाशनाची तारीख मागतो, आणि परतताना तारीख मिळालेली असते, निधी नसतो.

निघण्यापूर्वी कायदा वाचून घ्यावा. उपयोग होतो असे नाही, पण प्रवासात बोलायला विषय राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याच्या बावीस वर्षे आधी, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. देशातला तो पहिला. (हे कोल्हापूरकडच्या आमदारांना जरूर सांगावे. इतर जिल्ह्यांत सांगू नये, विषय अस्मितेकडे वळतो.) मद्रासने १९४८ साली कायदा करताना मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घ्यायची सोयच करून ठेवली. आपण उपकराच्या भानगडीत पडलो नाही. सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, एवढे लिहून मोकळे झालो. आज राज्यात अकरा-बारा हजार मान्य ग्रंथालये आहेत. ती रक्कम त्यांच्यात वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये येतील, म्हणजे एका बऱ्यापैकी कादंबरीची किंमत, सवलत धरून. सरकार प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट देते, हे कबूल करायलाच हवे. पण कायद्याने द्यावे लागणारे किती आणि मर्जीने मिळणारे किती, या दोहोंतली तफावतच इतकी मोठी आहे की, एका शिष्टमंडळाची तिकिटे काढून झाली की दुसऱ्याची काढावी लागतात.

मर्जी कधी बसते? २०२२च्या अखेरीस बसली. मंत्रिमंडळाने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले. साठ टक्के हा आकडा सभेत चांगला ऐकू येतो. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. वर्षाला. महिन्याचे चार हजार पडले. त्यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, वीजबिल आणि बांधणीवाला, आणि उरले तर वाचनसंस्कृती.

आता हे नीट समजून घ्यावे, कारण बहुतेक मंडळी इथेच चुकतात. साहेबांचे दोन खिसे असतात. एक त्यांचा स्वतःचा, म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. त्यातून भिंती, स्लॅब, फरशी असे डोळ्यांना दिसणारे काम निघते. दुसरा खिसा राज्याचा; त्यात त्यांचा हात एकट्याचा नसतो, तो उच्च व तंत्र शिक्षण विभागातून, वित्त विभागाच्या मनगटावरून जातो. ग्रंथपालाचा पगार या दुसऱ्या खिशात असतो. म्हणून गावोगावी वाचनालयाला आमदारांच्या निधीतून इमारत मिळते आणि इमारतीचे कुलूप उघडायला माणूस मिळत नाही. ही तक्रार साहेबांकडे करू नये. ते दुसऱ्या मजल्याला मंजुरी देतील.

इमारतच हवी असेल तर जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचे अंदाजपत्रक यांचा संच बरोबर न्यावा. शिफारस साहेबांची, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची, आणि जागेवरून भांडण सरपंचाच्या चुलतभावाचे.

निवेदन एका पानाचे असावे. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक, स्थापनेचे साल आणि दिवंगत संस्थापकांचे नाव ठळक. तीन प्रती: एक साहेबांना, एक आवक टपालात, एक पोच म्हणून शिक्का मारून आपल्याकडे. फोटो निवेदन देताना काढावा, बोलताना नाही. बोलताना साहेब फोनवर असतात. मग निवेदन स्वीय सहायकांच्या हातात जाते आणि साहेब डाव्या समासात, तिरके, हिरव्या शाईत चार शब्द लिहितात. सगळे शिष्टमंडळ या चार शब्दांसाठी आलेले असते, पण ते वाचायचे कसे हे कोणी शिकवत नाही. ‘उचित कार्यवाहीस्तव’ असेल तर चहा पिऊन घरी जावे. कागदही घरीच जाणार आहे. ‘नियमानुसार तपासावे’ याचा अर्थ नियम तपासले जातील. ‘तपासून तात्काळ सादर करावे’ यातल्या तात्काळने हुरळू नये, तो शब्द छापील असल्यासारखा येतो. ‘चर्चा करावी’ हे मात्र बरे लक्षण, कारण मग कोणाला तरी कोणाशी तरी बोलावे लागते. आणि ‘विशेष बाब म्हणून’ लिहिले असेल तर कागद तिथल्या तिथे झेरॉक्स करून घ्यावा. असा शेरा पाहिलेली माणसे अजून त्याबद्दल सांगत असतात.

अधिवेशनाचे गणित वेगळे. मार्चमध्ये मुंबईला अर्थसंकल्प असतो, तेव्हा मागायला उशीर झालेला असतो. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या असतात, तेव्हा मागणे लवकर होते. राहता राहिले डिसेंबरातले नागपूर. तिथे मोर्चा काढता येतो, गारठा असतो, संत्री स्वस्त असतात. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे मोर्चे नागपूरला नवे नाहीत. अडचण एवढीच की ग्रंथपाल मोर्चातही हळू आवाजात बोलतात. आयुष्यभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसल्यावर घोषणा घशातून निघत नाही. आजूबाजूच्या मोर्चांना ढोल असतात.

त्यापेक्षा साहेबांना प्रश्न विचारायला लावावा. हे त्यांचे खरे हत्यार, फुकटचे, आणि त्यांच्याकडे हे कोणी मागतच नाही. सगळे स्लॅब मागतात. तारांकित प्रश्न आपणच लिहून न्यावा. त्याची चाल ठरलेली: अमुक अनुदान थकले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचीही चाल ठरलेली. पहिल्याला ‘हे अंशतः खरे आहे’, शेवटच्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. पण एवढे उत्तर लिहिण्यासाठी मंत्रालयातून ग्रंथालय संचालनालयाला, तिथून जिल्ह्याला विचारणा जाते, आणि वर्षभर न हललेली फाइल शोधावी लागते. फाइल सापडणे हाच मोठा विजय असतो. प्रश्न उद्भवला नाही तरी हप्ता निघाल्याची उदाहरणे आहेत.

आणि आता तो परीक्षावाला पोरगा. बाकीच्या तिघांचे बोलून झाले, साहेब उठायच्या बेतात आहेत, तेव्हा त्याने एकच वाक्य म्हणावे: ‘साहेब, गावात अभ्यासिका नाही.’ साहेब पुन्हा बसतात. अभ्यासिका म्हणजे शंभर खुर्च्या, शंभर खुर्च्या म्हणजे शंभर तरुण, शंभर घरे. तेही रात्री अकरापर्यंत एका छपराखाली, साहेबांच्या फलकासमोर. याला मत असते. तेव्हा वाचनालय मागूच नये. अभ्यासिका मागावी, वायफायसह, आणि आराखड्यात मागच्या बाजूला ‘साहित्य कक्ष’ नावाची खोली दाखवावी. तिच्यात कपाटे जातील एवढी उंची ठेवायला अभियंत्याला बजावावे. त्या खोलीत नंतर काय ठेवले हे कोणी पाहायला येत नाही. चांगले साहित्य महाराष्ट्रात याच मार्गाने टिकून आहे, असे मला वाटते.

निधी आलाच तर तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, उपयोगिता प्रमाणपत्रासह. तो मार्चच्याच तिसऱ्या आठवड्यात येईल, म्हणून कोटेशने दिवाळीतच मागवून ठेवावीत. कोनशिलेवर नावांचा क्रम ठरवायला स्वतंत्र उपसमिती नेमावी. पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हा परिषद सदस्य आणि सरपंच यांच्यानंतर जागा उरल्यास वाचनालयाचे नाव घ्यावे. उद्घाटनाच्या दिवशी वाचनालय बंद राहील, अशी सूचना आदल्या संध्याकाळीच फळ्यावर लिहावी. खुर्च्या मांडवात लागतात, आणि ग्रंथपाल हारांच्या पावत्या सांभाळत असतो.