माईंच्या सुनेचा माठ

अहो वहिनी, कपडे नंतर घाला वाळत, आधी इकडे या. मोगऱ्याच्या बाजूने या, तिथे भिंत बुटकी आहे. काल कोपऱ्यावरच्या माईंकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दिसला नाहीत तुम्ही? मग माठ बघायचा राहिला की तुमचा!

आरास नेहमीचीच हो. कलिंगडाचं कमळ, करंज्या, गौरीला झोपाळा. डाळीत मीठ जरा पुढे होतं, पण ते माईंना कोण सांगणार? तर बाजूला तिवईवर पाण्याचा माठ, आणि माठाच्या गळ्यात क्रोशाच्या गुलाबांची माळ! लाल, अबोली, पिवळे, मधे मधे हिरवी पानं. गुलाब म्हणजे आपण शाळेत करायचो तसे सपाट नव्हेत हं. चांगले तीन थरांचे. बायका डाळीची वाटी हातात धरून माठाभोवती उभ्या. गौर बिचारी एकटी!

सगळं सुनेचं काम. बँकेत जाते, घरी येते, रात्री बसते सुई घेऊन. मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलंच, की हे थर उभे राहतात कसे? लगेच करून दाखवलं पोरीने. सहा साखळ्यांची कडी, तिच्यावर सहा कमानी. प्रत्येक कमानीत एक मुका खांब, एक अर्धा, मग पुरे खांब, परत अर्धा, परत मुका. झाली पहिल्या थराची पाकळी. इथवर आपल्यालाही येतं. पण पुढे ती फूल उलटं करते आणि पाकळ्यांच्या मागून साखळ्यांच्या नव्या कमानी टाकते, आधीपेक्षा लांब. दुसऱ्या थराच्या पाकळ्या त्यांच्यावर. तिसरा थर पुन्हा त्यांच्या मागे. म्हणून पुढच्या पाकळ्या आपोआप वर उचलल्या जातात. ह्याला आयरिश गुलाब म्हणतात म्हणे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी बायकापोरींना हे काम शिकवलं आणि त्यावर कितीतरी घरांची चूल पेटली. आपण हौस हौस म्हणतो, त्यांना ते पोटाला होतं.

आणि अक्कल बघा हं पोरीची. एकही फूल माठाला चिकटवलेलं नाही. सगळी एका सुती पट्टीवर टाचलीत आणि ती पट्टी माठाच्या गळ्यात नाडीने बांधलीय. धुवायची झाली की सोडली नाडी. गळ्यापर्यंत आपण पाणी भरतच नाही, त्यामुळे फुलं कोरडी राहतात आणि माठाचं पोट उघडं राहतं. लाल दोरासुद्धा आधी पाण्यात भिजवून बघितला, रंग जातो का ते. नाहीतर पहिल्याच दिवशी माठ गुलाबी!

उघडं पोट कशाला काय विचारता? अहो, माठ पाझरतो म्हणून तर गार होतो. ओल बाहेर येते, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते. तुमच्या माहेरी कोकणात हवाच दमट, तिथे माठाचा असा गुण कळत नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हात कळतो. गेल्या वर्षी मागच्या गल्लीतल्या त्या हौशी बाईंनी काय केलं आठवतंय ना? माठ अख्खा ऑइलपेंटने रंगवला, त्यावर गोंदाच्या बंदुकीने लोकरीची फुलं डकवली. छिद्रं सगळी बुजली. पाहुण्यांना कोमट पाणी, आणि वर विचारतात, "कसा दिसतो माठ?" दिसतो छान हो, पण पाणी फ्रिजमधलं द्या! फुलं ताठ राहावीत म्हणून त्यांना साखरेचा पाक लावला होता. तशी जुनी रीत आहे ती, खोटं नाही. पण ती काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तूला. पाण्याच्या माठाला पाक म्हटल्यावर मुंग्यांची वरात निघणार नाही तर काय?

बरं, खरी गंमत पुढेच आहे. जरा आवाज हळू, माईंची गच्ची इथूनच दिसते.

हळदीकुंकू आटोपतंय तोवर सुनेकडे मागण्या सुरू. एकीला जावयाच्या घरच्या माठाला माळ हवी. एकीला लेकीच्या रुखवतात सूप सजवायचंय, त्याला काठभर गुलाब. तिसरीला फ्रिजच्या दांड्याला. आणि सगळ्यांचं पालुपद एकच, "तुला काय गं, टीव्ही बघता बघता होतं!" दोऱ्याचे पैसे देते असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. पोर नुसती हसत होती. माई मात्र, काय म्हणू आता, सगळ्यांना होकार देत सुटल्या. सुनेचे हात आणि सासूचं दातृत्व!

हे काही आजचं नाही हो. माझ्या धाकट्या वन्सं कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात ना, त्यांच्याकडून कळलं मला. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे, तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात. ती लेस परदेशात जाते. मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की ह्या बायका दिवसचे दिवस विणायच्या, पण सगळे त्यांना घरात बसलेल्या गृहिणी म्हणायचे आणि कामाला फावल्या वेळचा उद्योग. त्यामुळे मजुरी अगदी चिमूटभर. पैसा व्यापाऱ्यांनी आणि निर्यातदारांनी केला. २०२४ मध्ये त्या लेसला जीआय मानांकन मिळालं, छानच झालं. पण "टीव्ही बघता बघता होतं" हे वाक्य ऐकलं की मला नरसापूरच आठवतं.

करून बघा म्हणजे कळेल. असा तीन थरांचा एक गुलाब करताना एखादा खांब जरी चुकला तरी पाकळी वाकडी. मग उसवा. माळेला असे किती गुलाब, वर पानं, वर पट्टी. आणि हे सगळं दिवसभर बँकेत मान मोडून झाल्यावर.

तुम्हालाही हवीय? वाटलंच मला, मघापासून आपल्या माठाकडे बघताय! मिळेल हो, पण माईंकडून सांगावा नका धाडू, थेट सुनेशी बोला. दोरा सुती घ्या, वीस नंबरचा. चाळीसचा नको, फार बारीक, पोरीचे डोळे जातील. गळ्याचं माप सुतळीने घेऊन जा. आणि मजुरी किती ते आधी तिलाच विचारा. ती "राहू दे हो काकू" म्हणेल, तरी पैसे पाकिटात घालून तिच्याच हातात द्या, माईंच्या नको.